चिकटलेली ती नागाची

मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे आणि जळगावच्या कॉलेजात पाच वर्षं मुलांची प्रॅक्टिकल्स घेतली आहेत, हे मी मारुंजीत आल्यापासून ज्याला त्याला ऐकवत असे. नवऱ्याची नोकरी हिंजवडीत, म्हणून २००४ साली आम्ही इथे आलो. त्याला ऑफिस मिळालं, मला बाल्कनी. बाल्कनीतून निम्मा माळ दिसायचा आणि निम्म्या सिमेंटात उभ्या केलेल्या सळ्या. रिकामा वेळ आणि शिकलेलं तोंड एकत्र आलं की माणूस किती आगाऊ होतो, ते मला विचारा.

धुळाजी आमच्या सोसायटीचा दिवसाचा वॉचमन. साठीला टेकलेला, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. सिक्युरिटीवाल्यांनी दिलेली टोपी तो खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवायचा आणि साहेब आला की हातात धरायचा, डोक्यावर कधीच नाही. शेजारच्या जांबे गावच्या माळावर त्याची वस्ती होती. एके काळी दोनशे मेंढ्या राखलेला माणूस. माळाचे प्लॉट पडत गेले तशा मेंढ्या विकत गेला, आणि जिथे त्याची मेंढरं बसायची तिथेच आता हा खुर्ची टाकून बसला होता. सगळे त्याला मामा म्हणत.

मामांची एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. किराणावाला सायकलच्या मागे अंड्यांचे ट्रे बांधून फाटकातून आत आला की मामा तोंड फिरवून भिंतीकडे बघायचे. सायकल जिन्याआड जाईपर्यंत तसेच. मला वाटलं, माळकरी असतील. धनगर आणि माळकरी, म्हटलं असेल बुवा. पण एकदा त्यांच्या डब्यात सुकट पाहिली आणि माझा तर्क बारगळला.

२००६ च्या जून महिन्यात कंपाउंडच्या भिंतीलगत पाइप टाकायला चर खणत होते. सकाळी अकराच्या सुमाराला मजुराची कुदळ उंदराच्या बिळात गेली आणि आत पांढरं काहीतरी दिसलं. मी खाली पोचेपर्यंत वीस-पंचवीस माणसं जमली होती. बिळाच्या पोकळीत अंड्यांचा एक गठ्ठा होता. कोंबडीच्या अंड्याहून लांबट, कातडीसारखी मऊ साल, एकमेकांना घट्ट चिकटलेली. मोजली तर अकरा. कुणी पालीची म्हणालं, कुणी कासवाची. आमचे सेक्रेटरी हैबतराव, फौजेतून निवृत्त, त्यांनी रॉकेल आणायला सांगितलं. एका सर्पमित्राला फोन लावला, तर तो म्हणाला, साप निघाला तर येतो, अंड्यांचं तुमचं तुम्ही बघा.

मी पुढे सरसावले खरी, पण खरं सांगायचं तर मला काही कळत नव्हतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाटलीतला साप ओळखायचा असतो, आणि बाटलीवर नाहीतर शिपायाच्या चेहऱ्यावर उत्तर असतंच. बाटलीत अंडी कुणी ठेवली नव्हती.

"मामाला बोलवा," मजूर म्हणाला. "त्याला समदं कळतं."

मामा आले. चराच्या काठावर उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलंच नाही, बाजूच्या मातीकडे पाहिलं. मग एकदाच पाहिलं, आणि काठीवरची त्यांची मूठ आवळली.

"नागाची," ते म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं. सवय.

"पालीचं अंडं गोल आन् कडक, वाटाण्यावानी. सरड्याचं लई बारकं. घोरपडीचं ह्याच्यापरीस मोठं. घोणस तर अंडं घालतच न्हाई बाई, ती पोटातनं पिल्लंच सोडते. ऱ्हायली दोन, नाग आन् धामण. चिकटलेली ती नागाची, सुटी ती धामणीची. माज्या बापानं शिकिवलंय."

घोणशीचं त्यांनी बरोबर सांगितलं. हाच प्रश्न दुसऱ्या वर्षाला माझा चुकला होता. चार गोष्टी बरोबर सांगणाऱ्या माणसाची पाचवी कोण तपासतो?

हैबतराव रॉकेलचा डबा घेऊन पुढे झाले, तसे मामा चरात उतरले आणि अंड्यांपुढे आडवे उभे राहिले. असं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. साहेब लोकांसमोर टोपी हातात धरणारा माणूस.

"न्हाई जाळायची," ते म्हणाले. "मला द्या. मी संबाळतो. एक जरी पिल्लू सुटलं तर मी काठी ठिवून जातो."

मला त्यांच्याबद्दल काय वाटलं असेल ते असो, पण हैबतरावांशी भांडायची संधी मी सोडत नसे. मी मध्ये पडले. पंपरूम रिकामीच असते, मोठ्या टबमध्ये माती घालू, वरून बारीक नायलॉनची जाळी बांधू, कुलूप लावू, किल्ली माझ्याकडे. "अंडी फिरवायची नाहीत हं," मी मामांना बजावलं. "वरची बाजू वरच राहिली पाहिजे, नाहीतर आतला जीव गुदमरतो." मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेच्या पिशवीतून बिरोबाचा भंडारा काढला आणि प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर हळदीचा एक एक ठिपका ठेवला. मग मातीसकट गठ्ठा घमेल्यात उचलला. ठिपके शेवटपर्यंत आभाळाकडेच राहिले. मला जे पुस्तकातून कळलं होतं ते त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होतं.

दीड-पावणेदोन महिने ती अंडी पंपरूममध्ये होती. मी रोज सकाळी दहाला कुलूप उघडायची, मामा मातीवर पाण्याचा हबका मारायचे. खोली दिवसाही अंधारी, मोटार चालू असली की जमीन थरथरायची. मामा टबापाशी बसले की त्यांचे ओठ हलायचे. नागपंचमीला हैबतरावांच्याच सौभाग्यवती दूध-लाह्या घेऊन पंपरूमच्या दारात आल्या आणि हैबतराव वरच्या गॅलरीतून ते पाहत बसले. रॉकेल ते दूध, असा प्रवास त्या घरात दीड महिन्यात झाला.

त्याआधी, अंडी पंपरूममध्ये आणल्यावर आठवडाभरातच, एका सकाळी मी टॉर्च नेला. अंड्यामागून उजेड टाकला की आतलं दिसतं, हे मला मामांना दाखवायचं होतं. कडेच्या अंड्याला टॉर्च टेकवला. साल तांबूस उजळली, शिरांचं जाळं दिसलं, आणि मध्ये एक काळा ठिपका.

"तो बघा डोळा," मी म्हणाले.

मामा मागे सरले ते पंपाच्या पाइपावर आदळले. तिथेच खाली बसले. चेहऱ्यावर घाम. मी टॉर्च विझवला तरी ते त्या टबाकडेच बघत होते.

"तो रोज दिसतो बाई," ते म्हणाले. "सात वर्सं झाली. भाकरीवर दिसतो. मेंढीच्या डोळ्यात दिसतो. आता हितं बी आला."

त्या दिवशी आणि नंतरच्या कितीतरी सकाळी, तुकड्या तुकड्याने, त्यांनी मला सांगितलं ते असं.

मामांचा एकुलता मुलगा बिरदेव. त्याचं लग्न १९९८ साली झालं, नांदे गावच्या सोनियाशी. पोरगी वीस वर्षांची, कामाला वाघीण. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या लेंडीखताचा ढीग उपसायला ती खोरं घेऊन गेली. खत आतून ऊबदार असतं, तिथे कुणीतरी अंडी घातली होती. खोऱ्याचा पहिलाच घाव त्यांवर बसला. गठ्ठाच्या गठ्ठा चिरडला. मामांची बायको तुकाबाई धावत आली, शेजारची माणसं आली, आणि सगळ्यांनी धुळाजीकडे पाहिलं. पंचक्रोशीत अंडं बघून जनावर सांगणारा तोच एक. त्याने बघितलं, चिकटलेली होती. म्हणाला, नागाची. एका फुटक्या अंड्यातून अर्धं वाढलेलं पिल्लू बाहेर लोंबत होतं आणि त्याचा मोठा काळा डोळा उघडा होता. तो डोळा.

पुढे सोनियाला मूल होईना. एक वर्ष, दोन वर्षं. नागाची अंडी फोडली, नाग वंश वाढू देत नाही, असं तुकाबाई आधी हळू आणि मग मोठ्याने म्हणू लागली. चांदीचा नाग वाहिला, दूध घातलं, उपास झाले. चार वर्षं वाट पाहून २००३ मध्ये भावकी बसली. सोनियाला माहेरी पाठवायचं आणि बिरदेवचं दुसरं करायचं, असा विषय. तेव्हा ती पोर डोक्यावरचा पदर सावरत सगळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, नीट आठवून सांगा. कशाची व्हती?"

"आन् मी सांगितलं, नागाची. मी चुकत न्हाई," मामा मला म्हणाले. "येवढंच बोललो. तिनं पिशवी भरली."

मी संतापले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! "बिरदेवला डॉक्टरकडे नेलं होतं का?" मी विचारलं.

मामा गोंधळले. "त्याला काय झालंय?"

"दुसरीला मूल झालं?"

"न्हाई," ते म्हणाले. "तेच तर. दोष तिच्या अंगावर न्हवता, घरावर हाय. ही अकरा जिती सोडीन. मग तो डोळा मिटंल. मग सोनियाम्होरं जायला मला तोंड ऱ्हाईल."

तेव्हा मला कळलं की हा माणूस सापाची अंडी राखत नव्हता. नागाकडून माफी मिळवायला बसला होता. त्याला हसावं की रडावं ते मला समजेना. टबावरच्या जाळीखालून काहीतरी आपल्याकडे बघतंय असं मला, विज्ञानाच्या पदवीधराला, वाटायचं. एकदा तर मी कुलूप उघडून तशीच परत वर आले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी अंड्यांच्या साली चिरलेल्या दिसल्या. ब्लेडने मारावेत तसे बारीक छेद. पहिलं पिल्लू डोकं बाहेर काढून थांबलं होतं. सापाचं पिल्लू लगेच बाहेर येत नाही, तासन् तास नुसतं बघत राहतं. दुसरं डोकं आलं, तिसरं आलं. मामा हात जोडून बसले होते. मी पुस्तकात वाचलेलं आठवत होते, नागाचं पिल्लू जन्मल्याबरोबर फणा काढतं. लांब काडी घेतली आणि पूर्ण बाहेर आलेल्या एका पिल्लाला हळूच डिवचलं. ते सर्रकन वळलं, काडीवर चावायला झेपावलं, पुन्हा डिवचलं, पुन्हा झेपावलं. फणा नाही. सडपातळ, करडं अंग, त्यावर पुसट आडवे पट्टे. आणि डोळे मोठे. डोक्याच्या मानाने फारच मोठे, गोल, काळे.

"मामा, धामण आहे!" मी ओरडले. मला खरंच आनंद झाला होता. "बिनविषारी! सगळी धामणीची आहेत!"

मामांचे जोडलेले हात तसेच राहिले. ते पुढे वाकले आणि अंड्यातून बघणाऱ्या एका डोक्याकडे टक लावून पाहत राहिले. मग त्यांनी टबातल्या गठ्ठ्याला बोट लावलं. भंडाऱ्याचे ठिपके अजून होते. चिरलेल्या साली एकमेकींना तशाच घट्ट चिकटलेल्या होत्या.

"हाच डोळा," ते म्हणाले. "बाई, हाच डोळा व्हता तो."

मग मला समजलं, आणि माझा आनंद जिथल्या तिथे विरला. बापाचा नियम खोटा होता. धामणीची अंडीही चिकटतात. सात वर्षं तो डोळा त्यांना शाप देत नव्हता, आपण कोणाचा ते सांगत होता. आणि ते त्या दिवशी खताच्या ढिगाशीच दिसलं होतं, फक्त नियमापुढे डोळ्याचं कोण ऐकतो?

दहा पिल्लं जगली, एक अंडं नासलं. दहाही आम्ही माळाच्या पलीकडच्या ओढ्यात सोडली. चार दिवस मामा फाटकावर बसून होते. पाचव्या दिवशी माझ्या दारात आले. पहिल्यांदाच जिना चढले होते.

"नांद्याला जायचंय," ते म्हणाले. "एकट्यानं पाय उचलत न्हाई."

मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं. सोनिया भावाकडे राहत होती आणि नांद्याच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत कामाला होती. सोसायट्यांना झाडं पुरवणारी नर्सरी. आम्ही गेलो तेव्हा ती माती, भाताचं तूस आणि लेंडीखत कालवून काळ्या पिशव्या भरत होती. मामांना पाहिल्यावर तिचा हात पदराकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

"बसा मामंजी," तिने एक बादली पालथी घालून पुढे केली.

ते बसले नाहीत. पटक्याच्या टोकाची गाठ सोडली आणि वाळलेल्या सालींचा तुकडा तिच्यासमोर धरला. तीन साली, अजून चिकटलेल्या, वर पिवळे ठिपके.

"ही बघ. चिकटलेली हायेत. ह्यातनं धामण निघाली. तुज्या खोऱ्याखाली आली ती बी धामणीचीच व्हती. मी डोळा बघितला व्हता त्या दिशी. मला कळाया पायजे व्हतं."

"मी स्वतः पाहिलंय," मी मध्येच बोलले. "शंभर टक्के धामण." पेढे वाटायला आल्यासारखा माझा आवाज होता. आठवला की अजून लाज वाटते.

सोनियाने साली हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या, परत दिल्या.

"हितं बी दर साल निघत्यात," ती म्हणाली. "खताच्या ढिगात. मी त्या अंगाला खोरं घालत न्हाई, झाकून ठिवते. कशाची हायेत ते बघत न्हाई."

"पोरी, तुजा दोष न्हवता. येवढं सांगाया आलो."

"धामणीची व्हती म्हनून न्हवता?"

"व्हय."

"आन् नागाची असती तर?"

मामा साली पुन्हा पटक्याच्या टोकात बांधायला लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. माझ्या सगळ्या शिक्षणाने मला अंडी कशाची ते सांगितलं होतं. मीही येताना रस्ताभर तेवढंच घोकत आले होते, की धामणीची होती, म्हणजे पोर सुटली.

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरंच उत्तराची वाट बघत होती, खोऱ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून, कितीतरी वेळ. मग मालकाने पलीकडून हाक मारली आणि ती पुन्हा पिशव्या भरायला लागली.

त्यानंतर मामा तीन वर्षं आमच्या फाटकावर होते. किराणावाला अंडी घेऊन आला तरी तोंड फिरवत नसत. मला वाटलं, सुटला बिचारा. काम सोडून जायच्या दिवशी त्यांनी काठी उचलली, टोपी हैबतरावांना परत केली आणि माझ्याजवळ येऊन थांबले.

"डोळा आता दिसत न्हाई बाई," ते म्हणाले. "आता ती दिसते. खोरं धरून हुबी असती. तुमी शिकलेल्या. काय सांगायचं व्हतं हो मी तिला?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. पुढच्या उन्हाळ्यात, २०१० मध्ये, मामा वारले. माझं सांगायचं राहिलं.